अर्ध्या धुनेपुरती जागा

आबा, तुमचं मशीन काल चालू केलं. चाललं. लाल आकडे उमटले, स्पीकरनं आधी खरखर केली आणि मग धून सुरू झाली. हे लिहितोय तेही स्वयंपाकघरात बसूनच. घरात नीट अर्थिंग असलेला बोर्ड तेवढा एकच, म्हणून तुमचा कॉम्प्युटर ओट्याशेजारच्या टेबलावर आणि पलीकडं अक्का भाकऱ्या थापतेय, असंच ते चालायचं. पीठ उडून चिपांवर बसायचं आणि तुम्ही दाढीच्या ब्रशनं ते झाडत बसायचा. ब्रशही सापडला, फळीवर होता. ब्रशाचं राहू दे. रेडिओ दुरुस्तीला आणणारा एखादा माणूस त्या खोक्याकडं बघत विचारायचा, "पावणं, ह्यानं काय हुतंय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचा, "गातंय." "मग माझा रेडिओ काय करतोय?" यावर तुम्ही हसल्याचं मला आठवत नाही. अक्का मात्र पदर तोंडाला लावून मोरीकडं पळायची.

खरं तर त्या मशीनला गायचं एकच गाणं होतं. तुम्ही स्टुडिओत साउंडला होता तेव्हा एका सकाळी क्लॅरिनेटवर एक धून रेकॉर्ड झाली. तो सिनेमा मधेच बंद पडला, रिळं ओल लागून गेली, वाजवणारा म्हाताराही गेला. स्टुडिओचं काम सुटलं, पाठोपाठ आई गेली, अक्का आणि मी अशी दोन भावंडं तुमच्यापाशी उरलो. तुम्ही घरी रेडिओ उघडून बसायला लागलात, मग मासिकातले नकाशे बघून हे मशीन जोडलंत, पण धून डोक्यातून जाईना. आम्ही म्हणायचो, गुणगुणा की, आम्ही ऐकतो. तुम्ही म्हणायचा, "माझ्या गळ्यातनं बाहीर आली की नासंल." आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजात खोट काढलेला माणूस स्वतःच्या आवाजाला कसा सोडेल? म्हणून एकेक सूर कानानं हुडकायचा, त्याचा आकडा बटणं दाबून आत घालायचा, आणि मशीन बंद केलं की पुसतात म्हणून ते आकडे कॅसेटवर उतरवून ठेवायचा. आणि अर्ध्यावर मशीनच्या मेमरीतली जागा संपली.

तो अर्धा तुकडा मी किती वेळा ऐकलाय! वर चढतो, एका सुरावर थरथरतो आणि पट्कन तुटतो, जिन्याची पुढची पायरीच नसल्यासारखा. अक्का म्हणते, "आबा, ते सुरावरनं सुरावर घसरत जातंय न्हवं, ते काढा की. किती जागा खातंय." तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडं बघता. "मींड काढली तर काय उरलं? कुकरची शिट्टी." ती पुन्हा म्हणते, मग पुढचं येगळं घालून दुसऱ्या कॅसेटवर ठेवा की. "मधनंच गाणं चालू करत्यात व्हय?" कागदावर तरी आकडे लिहून ठेवा म्हटलं तर बोट कानाला लावायचा. "हितं हाय की."

मला त्या टेबलापाशी धीर धरवायचा नाही. नववी सोडलेली, आज राधानगरीला दुधाच्या गाडीवर, उद्या कुठल्या नाटक कंपनीच्या दिव्यांवर, मधे कधी पन्हाळ्यावर घोडे फिरवले. घोडा चिडला की आधी कान मागं पाडतो, हे मी तिथं शिकलो, त्याचा कुठं उपयोग झाला नाही. तर असाच एकदा घरी आलो होतो आणि शीळ घालत होतो, तुमचीच धून. जिथं तुटते तिथं थांबलो नाही, मनानंच पुढचं जोडलं. तुम्ही पकड टेबलावर आपटलीत. चिपा उडाल्या. "तसं न्हाय ते! पुढचं ठावं नसंल तर गप बसावं माणसानं." एवढंच. पण त्या दिवशी जेवणं झाल्यावर जवळ बसवून घेतलंत आणि जळक्या चिपा घेऊन मेमरी कशी वाढवायची ते मला दाखवलंत. नवी चिप जुनीच्या पाठीवर बसवायची. सगळे पाय खालच्या पायांवर टेकवून कथलानं झाळायचे, एक सोडून. तो एक वर उचलायचा आणि त्याला वेगळी तार द्यायची.

"का?"

"न्हाईतर दोघं एकदमच बोलतील लेका. कोण काय सांगतोय कळायचं न्हाय. वरच्याला हाक मारायची तार निराळी."

अक्का भांडी घासता घासता माझ्याकडं बघून म्हणाली, "हा बघा तुमचा उचललेला पाय. हाक मारली तर कुठनं ओ देईल देव जाणे."

तुम्ही तेव्हा हसलात. चांगल्या चिपा काही तुम्हाला मिळाल्या नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी हुबळीत होतो. पंख्याच्या वाऱ्यात झोपलात ते उठलाच नाहीत, असं अक्कानं सांगितलं. आधी काही बोलला नाहीत, काही मागितलं नाहीत.

आता इतक्या वर्षांनी बेळगावात एका भंगारवाल्याकडं मोडक्या मशीनमधून तशाच चिपा मिळाल्या. सिगारेटच्या चंदेरी कागदात गुंडाळून काड्यापेटीत घालून आणल्या, तुम्ही आणायचा तशा. येताना उचगावला अक्काकडं उतरलो. तिनं काड्यापेटी कानाशी नेऊन हलवली. तुम्ही गेल्यापासून तिच्या मनात एकच, की आबांनी सगळी धून आत घातलीय, जागा नाही म्हणून अडकून बसलीय, ट्रंकेत कोंबलेल्या लुगड्यासारखी. "जागा झाली की आपसूक यील बाहीर. व्हय की न्हाय?" मी "व्हय" म्हणालो. आत तसलं काही नाही हे मला माहीत होतं, आबा. तरी म्हणालो, आणि बसमध्ये बसेपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं.

झाळकाम बरं झालं. दोन चिपांच्या पाठीवर दोन. उचललेल्या पायांना लाल तार. लांबच्या एका खोलीत सात लिहिला, परत मागितला, सातच आला. तुम्ही मेमरीच्या घरांना खोल्या म्हणायचा. इतक्या खोल्या, आबा. तुमची आख्खी धून मींडेसकट हातपाय पसरून झोपली असती. कॅसेट लावली, ती किंचाळली, अर्धी धून आत आली. पुढं नुसती कोरी टेप सळसळत राहिली. मी ती शेवटपर्यंत फिरू दिली, दुसऱ्या बाजूनंही. मग वाजवलं. चढलं, थरथरलं, तुटलं. तिथं शेवटाची खूण म्हणून तुम्ही शून्य टाकलेलं होतं. ते शून्य मी काढलं. पुढच्या खोल्यांत जो काय कचरा होता तो वाजला. कुकरची शिट्टीसुद्धा बरी.

डोळे मिटून आठवायला बसलो. तुम्ही दाढी करताना चुकून कधी पुढचं गुणगुणला असाल, एखादा सूर तरी. काही येत नाही. मशीननं इतकी वर्षं अर्धंच ऐकवून ऐकवून आमचे कान तिथंच थांबायला शिकवलेत. अक्कालाही त्यापुढचं येत नाही, मी तिला उचगावातच विचारलं होतं. तो पुढचा भाग आता कुठंच नाही. ओलीनं गेलेल्या रिळांत नाही, कॅसेटीवर नाही, कुणाच्या डोक्यात नाही. काल संध्याकाळी मी शीळ घालून बघितली. तुटते तिथपर्यंत गेलो आणि गप बसलो. जागा आहे, वेळ आहे, पकड आपटणारं कुणी नाही, तरी पुढं ओठ हलेनात.

अक्का रविवारी येणार आहे. पोरांना घेऊन येते म्हणाली, आजोबांचं गाणं पुरं ऐकायला. म्हणून आज सकाळी मी लाल तारा कापल्या. आता वरच्या चिपांना कुणी हाक मारत नाही, मशीन पहिल्यासारखं अर्ध्याचंच झालंय. तिला सांगणार आहे, भंगारवाल्यानं फसवलं, चिपा मेलेल्या निघाल्या, धून आत तशीच अडकलेली आहे. ती भंगारवाल्याला चार शिव्या देईल आणि चहा टाकेल. हा कागद मी कुठं ठेवणार माहीत नाही, फाडेनही. पण कुणाला तरी खरं सांगून ठेवावं म्हणून तुम्हाला सांगतो. चिपा चांगल्या होत्या, आबा.