उतारावर गाडी गप्प होते तेव्हा

आप्पा, तुमचा नातू आज पहिल्यांदा भरलेला टेम्पो घेऊन एकटाच घाट उतरायला गेला आहे. बेळगावची भाजी आहे, गोव्यात पोचवायची. जाताना घरासमोर गाडी थांबवून चहा प्याला, कपाळाला अंगारा लावून घेतला आणि गेला. खाली मोलेला पोचलो की फोन करतो म्हणाला. अजून आलेला नाही. गाडी निघायच्या वेळीच मी मंद चुलीवर उकड्या तांदळाचा भात चढवला आहे आणि चुलीजवळच बसून हे लिहिते आहे, कारण हात रिकामे राहिले तर मी रस्त्यावर जाऊन उभी राहीन, आणि तिथून काही दिसत नाही. वळणापुढे नुसतं रान आहे.

तुम्ही गेलात तेव्हा हा पाळण्यात होता. पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते तुमच्याच यंत्रापासून सुरू होतं. रामनगरच्या आपल्या हॉटेलात, पिठाच्या पोत्यांशेजारी, तुम्ही ते गाडीच्या शर्यतीचं यंत्र आणून ठेवलंत तेव्हा आई कित्येक दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. म्हापशात खेळांचं एक दुकान बंद पडलं, तिथून ते आलं. बसायला फाटकी सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल, डाव्या हाताला गिअरचा दांडा. पडद्यावर निळी गाडी, समुद्राकाठचा रस्ता, मग बोगदा, मग डोंगराचा उतार. ट्रकवाले दिवसभर गाडी हाकून यायचे आणि चहा होईपर्यंत पुन्हा गाडीच हाकायला बसायचे. आई म्हणायची, "बैल सुटला की गोठ्यात जातोय. ही माणसं परत औताला जुंपून घेत्यात."

मी भज्यांच्या कढईपाशी, यंत्राकडे पाठ करून. त्यामुळे तो खेळ मी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त ओळखते. दांडा वर असला की इंजिनाचा आवाज चढा, बारीक. दांडा खाली ओढला की तोच आवाज जाड व्हायचा, घोगरा, जणू गाडी स्वतःला मागे धरून ठेवते आहे. आणि दांडा दोन खाचांच्या मध्येच राहिला तर आवाज एकदम पडायचा. उरायची ती फक्त टायरची शीळ. उतारावर असं केलं की निळी गाडी आणखीच सुसाट जायची, पण स्टिअरिंग हलकं पडायचं आणि पुढच्या वळणाला ती कड्यावरून खाली. पडदा काळा. पैसे गेले, उठायचं, मागचा बसायचा. मग तुम्ही फडक्यानं स्टिअरिंग पुसायचात, जेवून गेलेल्या माणसाचं टेबल पुसावं तसं.

घाटातही हे असंच चालतं, तेव्हाही आणि आजही. मालक डिझेल मापून देतो, वाचलं ते ड्रायव्हरचं. म्हणून उतार लागला की गिअर काढायचा, गाडी आपली आपण घरंगळू द्यायची आणि नुसत्या ब्रेकवर सांभाळायची. सगळे करतात, आणि विचारलं तर कुणीच करत नाही. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. हे मला शाळेनं नाही, तुम्ही शिकवलंत, भजी उलटता उलटता.

तुमच्या जावयाला मी आधी आवाजावरूनच ओळखलं होतं. एका दुपारी माझ्या पाठीमागे इंजिनाचा आवाज पडला, आणि मी कड्याची वाट बघत राहिले. गाडी पडलीच नाही. त्यांनी ती तशीच, गिअर सोडून, शेवटपर्यंत नेली. टेबलांवरची माणसं शिट्ट्या मारू लागली. तुम्ही हातात चहाचं भांडं घेऊन बाहेर आलात.

"कोण रं त्यो? उतारावर गिअर सोडतोयास?"

"मामा, खेळ हाय की ह्यो."

"हात खेळात जे करतोय तेच घाटात करतोय. त्याला काय कळतंय, खेळ कुठला आन् घाट कुठला?"

"मग चहा बी गिअरातच पिऊ व्हय?"

सगळे हसले. मीही हसले, कढईकडे तोंड करून. तुम्ही हसला नाहीत. पुढे त्यांच्या घरून मागणी आली तेव्हा तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "माणूस चांगला हाय. हात चांगलं न्हाईत." आणि तरी मला दिलीत, कारण मी जेवणखाण सोडून बसले होते. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोल लावला नाही. आजही लावत नाही.

घरी खेळायचा पहिला डबा त्यांनीच आणला, पोराला म्हणून, बेळगावहून. टीव्हीला जोडायचा, पिवळी पेटी आत खोचायची. तोच खेळ, नावही तेच, निळी गाडीही तीच. पण दांडा नव्हता, दोन बटणं होती. इंजिन डब्यात कोंडलेल्या डासासारखं वाजायचं. बोगदा म्हणजे काळी पट्टी. आणि डोंगराचा उतार त्यात घातलेलाच नव्हता. सगळा रस्ता सपाट. झाडावर आपटली की गाडी उडायची, थोडा वेळ लुकलुकायची आणि पुन्हा रस्त्यावर उभी. हे पोराला मांडीवर घेऊन बसायचे आणि हसून म्हणायचे, "ह्यात घाटच न्हाई गं. तुझ्या आप्पाला दावाय पायजे हुतं." पोरगा मात्र गाडी मुद्दाम झाडावर घालायचा. लुकलुकताना त्याला गंमत वाटायची.

त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत हे घाटात गेले. ट्रकमध्ये सिमेंट होतं. ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्यातला एक जण तुमच्या हॉटेलात येणारा होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, वैनी, दांडा मध्येच हुता. मी ते पोरापासून लपवलं नाही. त्याला मिसरूड फुटल्यावर समोर बसवून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली.

दुसरा डबा त्यानं स्वतःच्या पहिल्या पगारातून मडगावला जुन्या बाजारात घेतला, चकतीवर चालणारा. त्यात उतार होता. समुद्र चकाकायचा, बोगद्यात दिवे होते. पण गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की इंजिन ऐकूच यायचं नाही. गिअर होते ते बटणावर, एक वर, एक खाली, मध्ये काही नाही. आणि कड्याला सगळीकडे कठडा. गाडी कितीही वेगात गेली तरी कठडा तिला घासत आत ढकलायचा. मी ते बघायचे आणि चुलीकडे वळायचे. आपल्या घाटात कठडा कुठे कुठे तुटलेला आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसरा गेल्या दिवाळीतला. त्याला पेटीही लागत नाही आणि चकतीही. खेळ तारेतून उतरतो. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल, असं त्याच्यावर लिहिलेलं आहे; गिअरचा दांडाही आहे, बोटभर, पण मध्ये थांबणारा. एका रविवारी त्याचा गुंद गावचा मित्र आला होता आणि दोघांनी तिन्ही डबे मांडून ठेवले, एकामागून एक लावून बघायला. मी जवळच तांदूळ पाखडत होते.

"माड मोज ह्यातलं," मित्र म्हणाला. "तुझ्या पिवळ्या पेटीत निम्मं बी न्हाईत. माड न्हाईत, झाडू रोवल्यात."

"आरं, ती पेटी माझ्या बाबांनी आणलीया. झाडू म्हणू नगंस." मग माझ्याकडे वळून, "आये, तू आज्ज्याचं यंत्र बघितलंयस न्हवं? सांग ह्याला, कुठला खरा?"

मी म्हटलं, कानाची वायर काढ आणि आवाज मोठा कर, मी बघणार नाही, ऐकणार. त्यानं केला. मी डोळे मिटले. आप्पा, ते तेच होतं. आधी चढा आवाज, मग बोगद्यातला घुमारा, मग दांडा ओढल्यावरचा घोगरा. कढईतल्या तेलाचा वाससुद्धा आला मला. आणि मग आवाज पडला. नुसती शीळ. माझ्या हातातलं सूप थांबलं.

"मध्ये ठेवलास?"

"व्हय. उतारावर असंच येळ वाचतोय. समदी असंच करत्यात."

मी डोळे उघडले तेव्हा निळी गाडी कड्यावरून खाली चालली होती. पडदा आता काळा होईल म्हणून मी थांबले. झाला नाही. त्यानं अंगठ्यानं एक बटण दाबलं आणि गाडी दरीतून उलटी वर आली. चाकं उलटी फिरली, उडालेली धूळ परत रस्त्यावर बसली, गाडी वळणाच्या अलीकडे येऊन उभी राहिली, जणू तिला काही माहीतच नाही. तो पुन्हा गेला. पुन्हा पडली. पुन्हा वर आणली. मग एकदा ती वळणातून सुटली आणि मित्रानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हे आज्ज्याच्या यंत्रात न्हवतं," मी म्हणाले.

"ती सोय हाय गं. नव्यात सोयी असत्यात."

"तुझ्या बापाला न्हवती."

मित्र उगाच वायर गुंडाळू लागला. पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांच्या गाडीचं ब्रेक जुनं हुतं, आये. आताच्या गाड्या तशा न्हाईत." त्याच्याकडे सगळ्याला उत्तर आहे. रागानं देत नाही तो, समजुतीनं देतो. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुम्हाला माहीत आहे, चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी वाचायला शिकले ती भजी बांधायच्या रद्दीवर. आता मोबाइलवर वाचते, हाताला लागेल ते. या खेळावर लोकांनी किती लिहिलंय ते मी शोधून वाचलं. कुठल्या डब्यात माड किती, धूर कसा, निळा रंग फिका की गडद, स्टिअरिंग नसताना बोटांनी वळण कसं घ्यायचं. एकानं तर भरभरून लिहिलं होतं की या नव्या नकलेत मूळ यंत्रातलं काही म्हणजे काही हरवलेलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पडल्यावर काय होतं, याबद्दल त्यानं एक ओळ लिहिली नव्हती. माड मोजणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल. त्याचा दोष नाही, त्याच्या घराखालून घाट जात नसेल.

माझ्या घराखालून जातो. दिवसभर गाड्या उतरतात. गिअरात उतरणारी गाडी दुरून कळते, गुरगुरत येते, अंगणातली भांडी हलतात. त्या आवाजाला आमचं कुत्रं डोळासुद्धा उघडत नाही. ते मान वर करतं ते आवाज नसलेल्या गाडीला. मोठा काळा आकार झाडांमधून सरकत जातो, नुसती टायरची शीळ आणि दोरखंडांची करकर, आणि कुत्रं तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतं. अलीकडे अशा गाड्या वाढल्यात, की मलाच आता तेवढ्या ऐकू येतात, कोण जाणे.

आणि पोराचा डावा हात. जेवताना तो ताटाशेजारी पडलेला असतो. बोलण्याच्या नादात त्याची बोटं काहीतरी धरतात, मागे ओढतात आणि मध्येच सोडून देतात. त्यानं बापाला गाडी चालवताना पाहिल्याचं त्याला आठवतसुद्धा नाही.

मघाशी तो निघताना मी गाडीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "गिअरात उतर."

"व्हय."

"पुरा घाट. वरच्या वळणापुरतं न्हाई."

"आये, भाजी हाय गं. दगुड न्हाईत. कोबीला कसली घाई?"

"कोबीला न्हाई. तुला हाय."

तो हसला. "व्हय म्हणलं न्हवं? जा आत, भात लागंल-बिगंल." गाडी निघाली. मी तिथेच उभी राहिले. वळणापर्यंत इंजिन जाड वाजत होतं, घोगरं, भांडी हलली. पण वळणापर्यंतचा उतार अगदी हलका आहे. खरा उतार पुढे लागतो, आणि मध्ये डोंगर आडवा येतो. तिकडचा आवाज इकडे कधीच येत नाही. आला असता तर मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहीत बसले नसते.

आप्पा, फोन आला. आत्ताच.

"पोचलो गं. मोलेला हाय." मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं.

मी टोपाकडे बघितलं. भाताला नुकती उकळी फुटते आहे. हा जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून जायचा, तो म्हातारा अख्खा घाट गिअरात, मुंगीच्या पावलानं उतरवायचा. तेव्हाही गाडी निघतानाच मी भात चढवायचे, पण पोराचा फोन यायचा तोवर माझी पेज काढून व्हायची, भात मुरायचा आणि मी आमटीला फोडणी देऊन बसलेली असायचे.

"ऐकतीयास न्हवं?" तो म्हणाला. मी काय म्हणते त्याची तो वाट बघत होता. त्याला कळलं होतं, मला कळलंय.

"काय खाल्लंस का?" मी विचारलं.

"खातो की आता," तो लगेच म्हणाला, मोकळ्या आवाजात. उद्या परत भाडं आहे, आणि परवाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही ते एका परीनं बरंच आहे, नाहीतर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, की एवढ्यात कसा पोचलास असं तू त्याला का विचारलं नाहीस. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते चांगलं नाही. फोन इतका लवकर वाजला, आप्पा, की मला आधी आनंदच झाला.