अकरा वर्षं, विनामेकॅनिक

६ जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
तळघरात, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या पायाशी पाणी. लांबी अडतीस सेंटिमीटर, रुंदी एकवीस. ही फर्नेस गॅसमधली ऊब इतकी पिळून घेते की धुराचंही पाणी होतं. ते नळीने जमिनीतल्या जाळीत जायला हवं. अकरा वर्षं निमूट गेलं, आज दगा. निदान: नळीचा जोड. सगळं स्वतः वाचून शिकलोय, कुणी सांगायला नको.

७ जानेवारी.
जोडाला सिलिकॉन. तीन थर. बायकोला, फ्रीडाला कळवलं, विषय संपला. ती म्हणाली, तिची गोधडी तिथंच चौकटीवर ताणलेली आहे, कड जमिनीला टेकते, फेब्रुवारीत चर्चच्या लिलावाला जायची आहे. तिच्यावर थेंब जरी आला तरी रूबेनला फोन.
रूबेन म्हणजे तिचा भाऊ. फर्नेस दुरुस्ती हाच त्याचा धंदा.
या फर्नेसला अकरा वर्षांत मेकॅनिकचा हात लागलेला नाही. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात हे मी चौदा माणसांसमोर सांगितलं. फर्नेसवाले नुसते टॉर्च धरून उभे राहतात, हेही सांगितलं. रूबेन टर्की कापत होता. त्याने सुरी खाली ठेवली. त्यानंतर इकडे फिरकला नाही. माणसाला थट्टा कळू नये?

९ जानेवारी.
लांबी बावन्न. सिलिकॉनवाल्यांनी फसवलं. वरेनिकीच्या करंज्या उकडायचं पातेलं खाली ठेवलं. फ्रीडा दिवसभर पातेलं शोधत होती.

१२ जानेवारी. उणे चोवीस.
नवं निदान, आणि हेच खरं. जाळीपर्यंतची वाट चार मीटर तीस. भिंतीतून थेट बाहेर फक्त नव्वद सेंटिमीटर. पाण्याला हेलपाटा कशाला? भिंतीला भोक पाडलं, नळी बाहेर काढली. फ्रीडाने विचारलं, बाहेर गोठणार नाही का? वाहतं पाणी गोठत नाही, हे तिला शांतपणे समजावलं. मग म्हणाली, फर्नेसचं खालचं झाकण एकदा उघडून तर बघ. आत काय आहे हे ठाऊक नसेल त्याने झाकण उघडावं. मला आवाजावरून कळतं.

१३ जानेवारी.
कोरडं. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा: शून्य, शून्य, शून्य. कर्लिंग क्लबात, आम्ही बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळतो तिथं, सांगितलं. कॉर्नी म्हणाला, "पाइप बाहेर? जानेवारीत?" आणि कॉफी सांडेपर्यंत हसला. लोकांना बघवत नाही.

१५ जानेवारी. सकाळी ५:४०. उणे एकतीस.
घरात नऊ अंश. फर्नेस बंद. नळीच्या तोंडाला मनगटाएवढा बर्फाचा सुळका, लांबी चौसष्ट. पाणी उलटं आत आलंय. गोधडीची कड नऊ सेंटिमीटर ओली.
फ्रीडाने रूबेनला लावायला फोन हातात घेतला. मी दहा मिनिटं मागितली, तिने दिली. किटलीभर उकळतं पाणी सुळक्यावर ओतलं. सुळका सदुसष्ट.
तिने नंबर फिरवला.

१५ जानेवारी. दुपार.
रूबेन आला. नमस्कार नाही, काही नाही. टॉर्च माझ्या हातात दिला. "धर."
माझी नळी कापली, जाळीकडे वळवली. मग खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि आतून मुठीएवढी प्लॅस्टिकची डबी ओढली. सगळं पाणी तिच्यातून जातं म्हणे. आत पांढरा बुळबुळीत गाळ. कपडे धुवायच्या टबात धुतली. ही दरवर्षी धुवावी लागते, म्हणाला. मी म्हटलं, अकरा वर्षांत कधी लागली नाही.
रूबेनने फ्रीडाकडे बघितलं. फ्रीडाने गोधडीकडे.
झाकण भिंतीला उलटं टेकवलेलं. टॉर्च माझ्याच हातात, म्हणून उजेड तिथं पडला. आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा. मोजल्या. अकरा. प्रत्येक थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारची. त्या शनिवारी मी दिवसभर क्लबात असतो, नव्या बर्फावर वर्तुळं रंगवायला. फ्रीडा स्वतः सँडविच बांधून देते आणि म्हणते, घाई करू नकोस.
गेल्या ऑक्टोबरची तारीख नव्हती.
कधीपासून, एवढंच विचारलं.
"पहिल्या वर्षापासून," फ्रीडा म्हणाली. "तू वहीत लाल शाईने 'विनामेकॅनिक, एक वर्ष' असं लिहिलंस. मग सांगवेना."
रूबेनने पेन्सिल पुढे केली. "आजची तारीख तू घाल. तुझं अक्षर बरं आहे."
घातली. अक्षर थोडं वाकडं आलं. घरात नऊच अंश होते.

१६ जानेवारी.
जमीन कोरडी. घरात एकवीस अंश. गोधडी वाळली, डाग नाही.
बायको, मेहुणा, फर्नेस: तिघांनी मिळून अकरा वर्षं माझ्याच तळघरात मला फसवलं. याला क्षमा नाही. काल रूबेन दोनदा वरेनिकी वाढून घेऊन जेवला. जाताना म्हणाला, टॉर्च मात्र नीट धरलास. ते खरं आहे. कोन अचूक होता.
ऑक्टोबरच्या त्या शनिवारी क्लबात जाणार. वर्तुळं दुसऱ्या कुणाला गोल जमत नाहीत. फ्रीडाला आत्ताच सांगून ठेवलं, त्या दिवशी सँडविच दोन जास्त कर. घरी ठेवायला.
कुणासाठी, ते तिने विचारलं नाही.