खुराड्यात हात घालू नका

आई,

मंडईतून आलात की आधी कोंबडीखाली हात घालून अंडी बघाल, म्हणून चिठ्ठी मागच्या दारालाच चिकटवली आहे. दार उघडू नका!

एरवी ही खुडूक कोंबडी हात नेला की टोचायला उठते. आज हूं की चूं नाही. टॉर्च मारला, तर तिच्यामागे नाग.

सर्पमित्र फोन उचलत नाहीत. तनयाला कडेवर घेऊन त्यांना बोलवायला चालले आहे. तुमचा मोबाइल फ्रिजवरच राहिलाय.

कोंबडा नसताना अंडी कशी फळणार, असं मी बोलले आणि तुम्ही हट्टाने वाघोलीहून कोंबडा असलेल्या घरची अंडी आणून तिच्याखाली ठेवलीत. ती पुन्हा आणता येतील. आई कुठून आणू?

पूर्णिमा