हिंगाच्या खणातली जिन

बाबा, तुमचा फोटो दारूच्या बाटलीवर लावायचा की नाही, हे मला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे विचारायची सोय नाही. तुम्ही असतात तरी मी विचारलं नसतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं असतं आणि मी साठीची बाई पुन्हा फ्रॉकात शिरले असते.

झालं असं की मी कॉलेजातून निवृत्त झाले आणि माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा आहे, मुंबईची नोकरी सोडून आलेला. अमरावतीबाहेर शेड बांधून, परवाना काढून जिन करतो. मला म्हणाला, "मॅडम, रसायनशास्त्रवाले लय भेटतात, पण तुमच्यावानी नाक कोणाले नाई." हे नाक तुमचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मूर्खासारखं मीच सांगितलं. अकोल्याचं आपलं काष्ठौषधीचं दुकान, तुम्ही माझ्या डोळ्यांना उपरणं बांधून पुडी नाकाशी धरायचात, मी ज्येष्ठमध म्हणायचे, वेखंड म्हणायचे, आणि बरोबर आलं तरी तुम्ही नुसतं "हं" म्हणून पुढची पुडी उघडायचात, हे सगळं मी सांगत बसले. त्याचे डोळे चमकले तेव्हाच मी गप्प व्हायला हवं होतं.

आता तुम्ही तोंड वाकडं करण्याआधी ऐका. जिन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, तुमचं हाऊबेर. पहाडातून पोत्यानं यायचं, सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना तुम्ही द्यायचात, तेच काळंनिळं फळ. ते नसेल तर त्या दारूला जिन म्हणता येत नाही. सोबत धने, वेलदोडा, थोडा ज्येष्ठमध आणि आपल्या वरूडकडच्या संत्र्याची साल. सगळं स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचं, तांब्याच्या भांड्यात तापवायचं आणि वाफ थंड करून थेंब थेंब धरायची. मागाहून साखर नाही, रंग नाही, म्हणून ती ड्राय. गोरे लोक तिच्यात कडू कोयनेलचं पाणी घालून प्यायचे, तेच कोयनेल जे हिवतापात तुम्ही माझं नाक दाबून पाजलंत. लोक अजूनही ते कडू पाणी घालूनच पितात, हौसेनं. बर्फ, संत्र्याची फोड, आणि पहिल्या घोटाला हाऊबेरचा तो राळेसारखा वास टाळूला लागतो. मला आवडते. घ्या, सांगून टाकलं.

दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही पायरीखाली उभं करायचात आणि औषध लांबूनच द्यायचात. आणि स्वतः? रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव! त्यात काय असतं हे मी बी.एस्सी.ला असताना तुम्हाला सप्रमाण सांगितलं, तर म्हणालात, "ते औषध हाय. तू आपलं पुस्तक वाच." तुमच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं.

तर हा विद्यार्थी अकोल्याला गेला आणि माझ्या भावाच्या गोठ्यात पडलेलं तुमचं बत्तीस खणांचं कपाट टेम्पोत घालून घेऊन आला. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, "मॅडम, आजकाल लोक दारू नाई पेत, ष्टोरी पेतात." त्यानं कपाट पुसलं, पितळी कड्या चकचकीत केल्या, आणि येणाऱ्या पाहुण्यांना दिसावं म्हणून सगळा माल डब्यांतून काढून त्या खणांत भरला. खणांवरच्या तुमच्या हातच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून गेलेल्या. मी तिथंच होते, बाबा. खुर्ची टाकून समोर बसले होते.

मी दहा वर्षांची आहे. हाऊबेरचं पोतं आलंय, खण भरायचं काम माझ्याकडे आहे, आणि खालच्या ओळीतला एक मोठा खण रिकामा दिसतोय. मी तो भरते. दुपारी तुम्ही तो उघडता, आणि भरल्या दुकानात माझी मान धरून नाक त्या खणात घालता. "काहून वं, नाक घरी ठेवून आली का? हा हिंगाचा खण हाय. याच्यात दुसरं काई ठेवाचं नसते. माणूस इसरते, लाकूड नाई इसरत." गिऱ्हाइकं हसतात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, पण ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

पन्नास वर्षांनी त्यानं हाऊबेर त्याच खणात भरलं. महिनाभर ते तिथं राहिलं. भांड्यात घालण्याआधी त्यानं मूठभर माझ्या नाकाशी धरलं, आणि मी, तुमची लेक, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि मान डोलावली. म्हटलं, फक्कड आहे, घाल. कारण मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दुकानाचा वास आला, घरचा वास आला. तो वास चूक असू शकतो हे माझ्या नाकाला कळेचना. तुम्हीच शिकवलेलं नाक आणि तुमच्याच वासाला फसलं. आता राग कोणावर काढू?

नागपूरहून हॉटेलवाले चव बघायला आले. त्यातल्या वडीलधाऱ्यानं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, याले फोडणी देल्ली का?" विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. पहिलाच घाणा होता त्याचा. मला म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, होते असं." तो चिडला असता तर बरं झालं असतं.

सगळा घाणा ओतून टाकायला मीच सांगितलं. हाऊबेर नवीन आणलं, काचेच्या बरण्यांत ठेवलं, आणि दुसरा घाणा खरंच सुरेख उतरला आहे. फोटोचा हट्ट मात्र तो सोडत नाही. बाटलीवर लिहिणार आहे, तीन पिढ्यांचा वारसा. तिसरी पिढी कुठली हे त्यालाच ठाऊक. मी आत्ता त्याला फोन करून नाही म्हणणार आहे. तुम्हाला दारू चालत नव्हती म्हणून नव्हे. ज्यानं मला आयुष्यात एकदाही शाबास म्हटलं नाही, त्यानं माझ्या जिनवरून लोकांकडे कौतुकानं बघत बसावं, हे मला खपणार नाही. एवढा राग अजून शिल्लक आहे, आणि तो राहू दे.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, कपाटातच जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. तो घाणा ओतताना मी एक बाटली पदराआड घरी आणली. तिला तुमच्या बंडीचा वास येतो. कोयनेलचं पाणी घालत नाही, संत्रं घालत नाही, तशीच घेते, जेवणानंतर, दोन चमचे. चव अगदी भिकार आहे, बाबा. संपत आली आहे.