कप्तानाचे दोर

बाबा,

आज बाजारातून आलं ते असं: सुयांचं पाकीट, पस्तीस पैसे, कापराची डबी, साठ पैसे, आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला किलोभर रद्दी, दीड रुपया. रद्दीवाल्यानं तराजूला बोट लावलं असावं असा मला संशय आहे. सुयांना तर भोकं पाडायचीच राहून गेली की काय कोण जाणे, अर्धा तास झटून दोरा जाईना. उद्या पाकीट परत करणार आहे. तुम्ही म्हणायचे, "तुले देवावरही भरोसा नाही वं, दिवा लावते अन् विझला का म्हणून मागं वळून पाहते." आहेच मी तशी. पण आज रद्दी उलगडताना रविवारच्या पानावर चित्रकथेतला तुमचा कप्तान निघाला, त्याच गलबतावर उभा, आणि तीस वर्षं मनात दाबून ठेवलेला संशय वर आला. तो तुमच्यावरचाच आहे, म्हणून लिहायला बसले.

महाल वस्तीतली आपली पुढची खोली आठवते. रविवारी सकाळी शेजारचे कंपाउंडरकाका पेपर घेऊन येतात, मागोमाग गल्लीतले आणखी दोघं-तिघं, आणि सहा चौकटींच्या त्या चित्रकथेवरून तासभर भांडण चालतं. समुद्र तुमच्यापैकी एकानंही पाहिलेला नाही. पण तुम्ही गलबताबद्दल बोलायचे ते आपण चालवतो त्या पारशिवनीच्या बसगाडीबद्दल बोलावं तसं. "असं वळण घेतलं तर सवारी खाली सांडंल न," म्हणायचे. गाडी चालवणाऱ्या माणसाला कप्तानाच्या चुका सहन होत नसत. चित्र ओळखायचं मला तुम्हीच शिकवलं: "चेहरा कोणीही काढते. दोर पाहाय. शिडाचा एकेक दोर जो काढते, तो खरा."

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी तुम्ही धरून बसलात की चित्रकार बदलला. सही जुनीच, पण हात दुसरा.

"पाहा न बे, दोर कुठी आहेत? शीड काय हवेत लटकून राहिलं?"

"दोर मोजाले वाचतो काय गा तू?" कंपाउंडरकाका म्हणायचे. "गोष्ट पाहा. तीन रविवार झाले, कप्तान त्याच भुयारात बसून आहे. चित्रकार जिता आहे, गोष्ट लिहिणारा मेला असंल."

"गोष्ट कोणीही लिहिते."

"मंग तूच लिही. कप्तान पारशिवनीले उतरला अन् चहा प्याला!"

आतून आई ओरडायची, "तुमच्या कप्तानाले म्हणा, साखर संपली."

या भांडणात तुमची एक परीक्षा असे. जुनं-नवं कोणतंही कात्रण समोर ठेवायचं, कोपऱ्यातल्या तारखेवर अंगठा दाबायचा आणि विचारायचं, हात कोणाचा? सुरुवातीला तुम्ही कधी चुकत नसत. चहा देताना मीही डोकावायची. आणि तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. ज्या चित्रात तुम्ही दोर नाहीत म्हणत होता, त्यात मला दोर दिसत होते. बारीक, पण होते. आधी वाटलं, आपल्याला काय कळतं. मग मी तुमच्यावर नजर ठेवू लागले. कात्रणं कापायची कात्री तुम्ही माझ्याकडे दिली होती, "तुझा हात सरळ चालते" म्हणून. पेपर तुम्ही खिडकीशी नेऊन धरायचे आणि शाई फिकी झाली म्हणून छापखान्याला शिव्या द्यायचे. दारात उभा माणूस बोलल्याशिवाय तुम्ही "या" म्हणत नव्हता. आणि रोज सकाळी डबा घेऊन पारशिवनीच्या गाडीवर जात होता, मागे पन्नास माणसं बसवून. मी देवापुढे बसायची, पण स्तोत्राच्या ओळी सुटायच्या.

एका रविवारी सगळे गेल्यावर मी ट्रंकेतून वादळाचं कात्रण काढलं. तुम्हीच जपून ठेवलेलं, जुन्या हाताचं, दोरांचं नुसतं जाळं. ते दाखवून तुम्ही मला दोर बघायला शिकवलं होतं. तारखेवर अंगठा दाबला आणि तुमच्यापुढे धरलं. "बाबा, हात कोणाचा?"

तुम्ही पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणालात, "नव्याचा. दोरच नाही वं बाई."

आईला सांगितलं असतं तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं. मी कंपाउंडरकाकांकडे गेले. ते थट्टा करतील वाटलं होतं. ते खालीच बसले. "सरळ सांगू नको," म्हणाले. "तो मलेच म्हणंल, तुये डोळे तपास." पुढच्या रविवारी आले ते हात जोडूनच. "हारलो गा मी. चित्रकार बदललाच. पण आमच्या दवाखान्यातल्या डोळ्याच्या डॉक्टराले पटत नाही. तोही कप्तान वाचते. तू येऊन दाखव त्याले." तुम्ही धुतलेला सदरा घातला, कात्रणांचा गठ्ठा काखेत घेतला आणि जिंकायला निघालात.

परत आलात ते रिकाम्या हातानं. गठ्ठा काकांच्या हातात होता. पुढे डेपोत बसून करायचं काम मिळालं, गाडी सुटली. डॉक्टरानं डोळे तपासून गाडी बंद करायला सांगितली, हे काकांकडून कळलं. परत आलात त्या संध्याकाळी, मी तांदूळ निवडत असताना, जवळ येऊन विचारलंत, "त्या दिवशी अंगठ्याखाली तारीख कधीची होती वं?"

"यंदाची होती, बाबा."

"मंग बरोबरच सांगतलं मी," म्हणालात, आणि हसलात. ते हसणं मला आजवर उलगडलेलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, की मी खोटं बोलले? आणि त्याआधी, बाबा, रोज सकाळी गाडीवर चढताना तुम्हाला ठाऊक होतं का? घरी चार तोंडं होती म्हणून जाणूनबुजून तुम्ही त्या परक्या चित्रकारावर ढकललंत, की खरंच वाटत होतं, तुमचं सगळं ठीक आहे आणि दोर त्यानंच काढले नाहीत? तुमच्या हातून कुणाला खरचटलंही नाही, ही देवाची कृपा. पण तुम्ही गाडीवर जाणून गेलात की न जाणता, हे देवाला विचारूनही कळलं नाही. दरवर्षी तुमच्या श्राद्धाचं पान वाढताना हात तिथेच अडतो.

आज रद्दीतलं ते पान मी खिडकीशी नेलं. दोर शोधले. एक नाही. मनात लगेच आलं, बाबा असते तर म्हणाले असते, पुन्हा हात बदलला. छपाईही हल्ली किती फिकी. मग सुनेला हाक मारली आणि विचारलं, या शिडाला दोर आहेत का गं? ती म्हणाली, "आहेत की, हे काय." मी म्हटलं, हो हो, दिसले.

या पत्राला तिकीट लावणार नाही, उगाच पैसे जातील. पण उलट टपाली एवढं कळवा, खरंच नव्हतं ना ठाऊक? कारण सुयांना भोकं नाहीत, असं मी सकाळी अगदी मनापासून म्हटलं होतं.