रिलीजची सांदणं

फहाहील, कुवेत
शनिवार, ता. ६ डिसेंबर २०२५

चि. मुबीन यास दादीचा सलाम आणि पोटभर दुवा. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती सुनेत्रा. खालच्या मजल्यावरची नर्स रे, जिने मला कागदाचा फोटो काढून अमेरिकेला पाठवायला शिकवलं. ड्युटीवरून आली ती तशीच, दारातूनच विचारायला लागली की दादी, वास कसला? मी म्हटलं, बूट काढ आणि आत ये, सांदणं उकडलीत, माझ्या मुबीनला रिलीज मिळाला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कोचने रिलीज दिला, आता दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर. बाळा, रिलीज म्हणजे काय ते मला विचार. तुझे दादा इथे शुवैखच्या गॅरेजात होते आणि मी गावी, तेव्हा कफीलच्या, म्हणजे ठेवून घेणाऱ्या मालकाच्या, सहीशिवाय नोकरी बदलता यायची नाही. अकरा वर्षं त्याच्या मागे लागले, रिलीज दे म्हणून. तो म्हणायचा, तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार? शेवटी दिला. ते पत्र गावात आलं त्या दिवशीही मी असेच तांदूळ वाटून अख्ख्या मोहल्ल्यात सांदणं पोचवली होती. चौथी शिकलेली बाई मी, पण हा एक इंग्रजी शब्द तेव्हापासून पाठ आहे.

तुझा अब्बा नझीर शुऐब्याहून कामावरून आला. आल्याआल्या तुझा सात नंबरचा शर्ट घातलेला फोटो टीव्हीवर मोठा करून लावला. मग रफीकभाईंना समजावत बसला, की त्या अमेरिकन फुटबॉलात सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, पण मुबीन पडत नाही, तो मागे उभा राहून तो अंड्यासारखा चेंडू लांब फेकतो, त्याच्या हातावरच टीम चालते. मी म्हटलं, दादा खाडीत पाग टाकायचे तसा फेकतो. काय गोल उघडायचं त्यांचं जाळं हवेत! खांदा तोच.

हे रफीकभाई म्हणजे दादांचे गॅरेजातले जोडीदार. आता थकलेत, मुलाकडे असतात. त्यांनी एक सांदण उचललं आणि मला विचारलं, पोरगा कुठल्या हाताने फेकतो? मी म्हटलं, उजव्या. त्यांनी सांदण तसंच बशीत ठेवलं. नारळाचं दूध घालू का म्हटलं, तर म्हणे साखर वाढलीय. मागच्या ईदला चार खाल्ली होती! म्हातारपण, दुसरं काय.

आणि अक्षर काय रे ते? मी शिकवलं तेव्हा मोती होते, आता ओल्या वाळूत खेकडा पळावा तसं. एवढी घाई? नव्या कॉलेजचं नाव लवकर कळव, लोक विचारतात. लोभ आहे तेवढा राहू दे, वर मूठभर घाल.

तुझी दादी


ओहायो
ता. ९ डिसेंबर २०२५

ती. दादीस मुबीनचा सलाम. वि. वि.

सांदणांचा फोटो बघून भूक लागली. पण दादी, इथला रिलीज तसा नसतो. मी तो मागितला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये एका मॅचमध्ये पडलो. अब्बाला वाटतं तसं नाही, मीसुद्धा पडतो. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. घरी सांगितलं नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहितोय, आधीचंही डाव्यानेच होतं. डॉक्टर म्हणतात हात वर जाईल. पहिल्यासारखं फेकता येईल, असं कोणी म्हणत नाही.

कोचने दुसऱ्या कॉलेजातून एक फेकणारा आणलाय. सात नंबर त्याला दिला. मला म्हणाला, तुझ्या भल्यासाठी तुला रिलीज करतो. आता माझं नाव एका यादीत आहे. ज्या कॉलेजला मी हवा असेन त्याने बोलवायचं. गेल्या वर्षी सतरा कॉलेजं बोलवत होती, मीच नको म्हणालो. यंदा अजून एकानेही फोन केलेला नाही.

लोकांना काय नाव सांगशील, मला सुचत नाही. अब्बाला काही सांगू नकोस. तो फोटो टीव्हीवरून काढ, पण हळूच. तुझा लोभ होता तसाच राहू दे.

तुझा मुबीन


फहाहील
रविवार, ता. १४ डिसेंबर २०२५

चि. मुबीन यास दादीच्या दुवा. वि. वि.

चार दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते. दादांचं ते रिलीजचं पत्र मी अजून पेटीत ठेवलंय, ते काढलं आणि तुझ्या पत्राशेजारी धरलं. तोच खेकडा. तेव्हाही मी हसले होते. शेजारणीला म्हटलं होतं, घरी यायच्या घाईत लिहिलंय.

तुला मी लहानपणापासून दोन गोष्टी सांगत आले. दादांना रिलीज मिळाला ही एक, आणि जॅक सरकून दादांचा हात गाडीखाली चिरडला ही दुसरी. नेहमी वेगवेगळ्या सांगितल्या, एक सणाला, एक कुणी आजारी असताना. बाळा, ती एकच गोष्ट आहे. हात आधी गेला, मग कफीलने सही केली. चांगला हात कोण सोडतो? सही झाली तेव्हा रफीकभाई शेजारी उभे होते, म्हणून परवा त्यांनी तुझा हात कुठला ते विचारलं. मला हे सगळं ठाऊक असून मी तुझ्या रिलीजची सांदणं वाटली. तो शब्दच कानाला गोड लागला.

तेव्हा दादांनी मला हाताचं काही कळवलं नव्हतं. मी नवी साडी नेसून एस.टी. स्टँडवर गेले, तुझा अब्बा कडेवर. दादा उतरले. नझीरने त्यांच्याकडे झेप घेतली आणि त्यांना त्याला घेता येईना. तिथे कळलं, चारचौघांत. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. हात गेला म्हणून नाही रे. मला सांदणं वाटू दिली म्हणून.

पाग पुढे खुंटीवरच राहिला. तुला शहाणपण शिकवायला हे लिहीत नाही, झालं ते सांगितलं.

नझीरला मी सांगणार नाही. तू सांगशील, आणि जुम्म्याच्या आत सांगशील. फोटो मी काढलेला नाही. तो जेवताना रोज बघतो, माझा हातच होईना. सुनेत्राला नुसतं खांद्याचं ऑपरेशन कसं असतं ते विचारलं, कुणाचं ते बोलले नाही. तीही शहाणी, विचारलं नाही. म्हणाली, दादी, मी फोनवर बघते हात कुठपर्यंत उचलतो ते. रफीकभाईही काल येऊन गेले. ते बशीतलं सांदण आहे का म्हणाले. मी म्हटलं ते कधीच वाया गेलं, ताजी करते.

लोभ ठेव. उजव्याने जमत नसेल तर डाव्याने ठेव.

तुझी दादी

ता. क. रफीकभाई आणि सुनेत्रा दोघंही परत येणार आहेत, जुम्म्याला, एकोणीस तारखेला, असरच्या नमाजानंतर. तेव्हा फोन लाव.