डावी फळी

१४ मार्च

ती. अक्कास बाबूचा सा. न. वि. वि.

काल दुपारी पडल्या पडल्या जुना आवाज कानी आल्याचा भास झाला. आधी कर्र, मग भिंतीवर धप्. ही बाजारातून दोन्ही हात भरून यायची, तेव्हा आपल्या दाराच्या दोन्ही फळ्या अशा उघडायच्या. ती गेल्यापासून डावी फळी मी उघडलीच नाही. एकट्याला एक पुरते.

टिटवीचं पत्र आलं, कोरडंच. आदि-स्लाव्ह भाषेच्या कोशाच्या कामात लेक सध्या 'दार' या नोंदीवर आहे. शब्द 'द्विरि', डोक्यावर तारा. म्हणजे लिहिलेला कुठे सापडत नाही, पुढच्या भाषांवरून जुळवलेला. आपल्या 'दार'चाच लांबचा भाऊबंद. स्त्रीलिंगी, इकारान्त चालतो, पण षष्ठीच्या अनेकवचनात जुनं व्यंजनान्त वळण टिकलंय. मी शाळेतल्यासारखी चाल लावून रूपं घोकली. रडू येत नाही, अक्का. रूपं पाठ होतात.

आई गेल्यानंतर पोर घरी फिरकली नाही. माझ्यावर राग असावा. विचारायचं सुचत नाही.

माया आहे तशी राहू दे.
बाबू

२ एप्रिल

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

टिटवीला फोन केला. हिवाळ्यात ती आली होती रे. डावी फळी लावलेली, आत तू कविता म्हणतोयस. तुझाच नियम ना, एक फळी बंद म्हणजे शिकवणी चालू, घरच्यांनीही आत यायचं नाही? पोर समोरच्या पायरीवर बसून राहिली आणि गाडीची वेळ झाली तशी गेली. बाबांना मुलं पुरेशी आहेत, म्हणाली. शिकवण्या तर तू केव्हाच सोडल्यास. कुणाला शिकवत होतास, खुर्चीला?

आणि तो शब्द बहुतेक अनेकवचनातच वापरायचे म्हणे, दाराला फळ्या दोन म्हणून असेल. पंडिता, तेवढंच घोकायचं राहिलं तुझं. गुडघे धड असते तर कान धरायला आले असते.

जेवत जा.
अक्का

९ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

खोलीत कुणी नव्हतं. घरात आवाज असावा, म्हणून म्हणत होतो.

सकाळी तेल घातलं, तरी कडी हलेना. हातोडीने ठोकली. कर्र, धप्. वाटलं होतं, काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. उजेड मात्र खुर्चीपर्यंत आला. टिटवीला कार्ड टाकलंय, पण नोंद संपल्याशिवाय ती जागची हलायची नाही.

बाहेर गाडी थांबली वाटतं. कुणीतरी गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत पायऱ्या चढतंय. अक्का, हा तर तुझाच आवाज. आणि तुझ्या काखेत हात घालून तुला वर आणणारी टिटवी. पत्र इथेच ठेवतो. दोघींना एकदम आत यायला डावी फळी लागेल. ती उघडीच आहे.